रिकामं पान, भरलेलं टेबल: डायनॅमोडीबीचा स्कॅन हाताळताना

नोंद टेबलमध्ये आहे हे मला पक्कं माहीत होतं. पाच मिनिटांपूर्वी मीच ती उघडून पाहिली होती. तरी स्क्रिप्ट म्हणत होती, 'सापडलेल्या नोंदी: ०'. फिल्टर तपासला, फील्डचं स्पेलिंग तपासलं, चुकीच्या रीजनमध्ये तर शोधत नाही ना तेही पाहिलं. शेवटी वैतागून आलेलं उत्तर जसंच्या तसं स्क्रीनवर छापलं. नोंदींची यादी रिकामीच होती, पण तिच्याखाली एक फील्ड होतं ज्याकडे मी आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं: लास्ट इव्हॅल्युएटेड की. डेटाबेस सांगत होता, 'इथपर्यंत वाचलं, यात काही सापडलं नाही, पुढचं हवं असेल तर पुन्हा विचार.' मी विचारलंच नव्हतं.

डायनॅमोडीबी हा ॲमेझॉनच्या क्लाउडमधला डेटाबेस. त्यात स्कॅनचं, म्हणजे टेबल चाळणाऱ्या विनंतीचं, एक उत्तर म्हणजे टेबल नव्हे, टेबलाचं एक पान. एका विनंतीत जास्तीत जास्त १ एमबी डेटा वाचला जातो आणि तिथे हात आखडतो. ५० नोंदींच्या टेस्ट टेबलवर हे कधीच कळत नाही, कारण सगळं पहिल्याच पानात मावतं. कोड लाइव्ह जातो, टेबल वाढतं, आणि एक दिवस रिपोर्टमधले आकडे गुपचूप कमी यायला लागतात. एरर येत नाही, लॉगमध्ये लाल ओळ दिसत नाही. म्हणून ही चूक महिनोन्महिने खपून जाते.

खाली फील्डची नावं उच्चाराप्रमाणे, सुटी सुटी लिहिली आहेत. कोडमध्ये त्यांतले शब्द जोडून येतात.

आधी स्वतःला विचारा: स्कॅनच का?

पार्टिशन की म्हणजे नोंद कुठे ठेवायची हे ठरवणारं फील्ड. क्वेरी एका पार्टिशन कीच्या नोंदी थेट उचलते. स्कॅन पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं चाळतो. कोड तपासताना मला सगळ्यात जास्त वेळा दिसलेला प्रकार असा: स्कॅन, आणि फिल्टरमध्ये 'पार्टिशन की बरोबर अमुक'. स्कॅनच्या फिल्टरमध्ये की चालते, त्यामुळे उत्तर बरोबर येतं आणि कोणाला शंकाही येत नाही. पण एका नोंदीसाठी अख्खं टेबल वाचून झालेलं असतं. असं दिसलं की तिथल्या तिथे क्वेरी लिहा, पुढचं वाचायची गरजच नाही.

स्कॅनला योग्य जागा आहेत: सगळ्या नोंदींत नवीन फील्ड भरणं, डेटा दुसरीकडे हलवणं, एकदाच करायची तपासणी, किंवा टेबलच इतकं छोटं असणं की चर्चा व्यर्थ. रोज, दर तासाला किंवा यूजरच्या प्रत्येक क्लिकला स्कॅन होत असेल तर टेबलाची की चुकली आहे किंवा इंडेक्स (नोंदींची दुसऱ्या कीने लावलेली प्रत) कमी आहे.

खुणेवर चालणारा लूप

पानाच्या शेवटी लास्ट इव्हॅल्युएटेड की आली, तर तीच पुढच्या विनंतीत एक्स्क्लुझिव्ह स्टार्ट की म्हणून द्यायची. ती आलीच नाही, तर टेबल संपलं. मी तिला नुसतं 'खूण' म्हणतो, पुस्तकात घालतो तशी. सांगाडा एवढाच:

खूण = काहीच नाही
वाचलेल्या = ०
लूप सुरू
    उत्तर = स्कॅन (खूण असेल तर तिच्यापुढून)
    उत्तरातल्या नोंदी हाताळा
    वाचलेल्या = वाचलेल्या + उत्तरातला स्कॅन्ड काउंट
    खूण = उत्तरातली लास्ट इव्हॅल्युएटेड की
    खूण नसेल तर थांबा

थांबण्याची अट नीट पाहा. 'नोंदी आल्या नाहीत तर थांबा' अशी अट घातली तर माझ्यासारखीच फसगत होईल, कारण मधलं पान रिकामं येऊ शकतं. 'मागितल्या त्यापेक्षा कमी आल्या तर थांबा' हेही तितकंच चूक. आणि उलट बाजूही खरी आहे: खूण आली म्हणजे पुढे काहीतरी असेलच असं नाही. टेबलमध्ये बरोबर २० नोंदी आणि लिमिटही (एका विनंतीत जास्तीत जास्त किती नोंदी वाचायच्या तो आकडा) २० असेल, तर खूण येऊ शकते आणि पुढचं पान कोरं निघतं. थांबायचं की नाही, हे खूण आहे की नाही यावरूनच ठरवायचं.

पायथन, जावा, नोड या सगळ्यांच्या एसडीकेमध्ये (त्या त्या भाषेसाठीच्या तयार लायब्ररीमध्ये) हा लूप पेजिनेटर म्हणून तयार मिळतो. बोटो३ मध्ये, म्हणजे पायथनच्या एसडीकेमध्ये, तो क्लायंटवर आहे, टेबल रिसोर्सवर नाही. तरीही एकदा लूप हाताने लिहून पाहा, म्हणजे पेजिनेटर कुठे अडला तर का अडला हे समजेल.

कमांड लाइनची गंमत वेगळीच. तिथलं टूल पानं आपणहून उलटत राहतं, त्यामुळे मोठ्या टेबलवर सहज मारलेली कमांड सगळं टेबल वाचत सुटते. आउटपुट 'टेक्स्ट' ठेवून क्वेरी पर्यायाने (ही आलेलं उत्तर छाटण्याची सोय आहे, वरची क्वेरी नव्हे) नोंदी मोजायला गेलात तर एका आकड्याऐवजी आकड्यांची रांग येते, कारण टेक्स्ट आउटपुटमध्ये ती क्वेरी प्रत्येक पानावर वेगळी चालते. आउटपुट जेसन ठेवा, एकच आकडा येईल.

फिल्टर: चाळणी आहे, कुलूप नाही

फिल्टर एक्स्प्रेशन म्हणजे एसक्यूएलमधलं 'व्हेअर' असं समजून पुष्कळ जण इथे येतात. तसं ते नाही. डेटाबेस आधी १ एमबी वाचतो, वाचण्याचे पैसे लावतो, मग चाळतो आणि उरेल ते तुमच्या हातात देतो. पानाची मर्यादा चाळण्याआधीच्या डेटाला लागते, नंतरच्या नाही.

लिमिटही तसंच. 'लिमिट १०' म्हणजे 'मला १० जुळणाऱ्या नोंदी दे' नव्हे, तर '१० नोंदी वाच, त्यांतल्या जुळतील तेवढ्या दे'. त्या १० मध्ये एकही जुळली नाही तर उत्तर रिकामं, सोबत खूण. सुरुवातीला सांगितलेला माझा शून्याचा किस्सा हाच होता.

हे उघडं पडतं ते दोन आकड्यांत. प्रत्येक पानासोबत काउंट आणि स्कॅन्ड काउंट येतात: किती हाती आल्या आणि किती वाचल्या. समजा काउंट ३ आणि स्कॅन्ड काउंट ४८००. म्हणजे तीन नोंदींसाठी ४८०० नोंदींचे पैसे गेले. हे दोन्ही आकडे मी प्रत्येक पानाला लॉग करतो. दोघांमधली दरी सतत मोठी दिसली की इंडेक्स बनवायची वेळ झाली आहे.

प्रोजेक्शन एक्स्प्रेशनबद्दलही असाच भ्रम आहे. 'मला दोनच फील्ड हवीत' म्हटलं की नेटवर्कवरून कमी डेटा येतो, पण मोजणी पूर्ण नोंदीच्या आकारावरच होते. खरोखर कमी वाचायचं असेल तर मोजकीच फील्ड असलेला ग्लोबल सेकंडरी इंडेक्स बनवून तो स्कॅन करा. त्यातही विरळ इंडेक्स हे फार गुणी प्रकरण आहे. इंडेक्सची की ज्या नोंदींत असेल त्याच नोंदी इंडेक्समध्ये जातात. 'तपासणी बाकी' हे फील्ड फक्त बाकी असलेल्या नोंदींवर ठेवा आणि काम झालं की ते फील्डच काढून टाका. लाखो नोंदींच्या टेबलचा इंडेक्स काही शे नोंदींचा राहतो, आणि मग तो स्कॅन केला तरी बिघडत नाही. एक ध्यानात ठेवा: ग्लोबल इंडेक्सवर स्ट्रॉंगली कन्सिस्टंट वाचन, म्हणजे हमखास ताजी किंमत देणारं वाचन, मिळत नाही.

फिल्टरमधल्या काही बारीक खोड्या. स्टेटस, नेम, डेट, इयर हे राखीव शब्द आहेत, तेव्हा एक्स्प्रेशन ॲट्रिब्यूट नेम्समधून पर्यायी नाव द्यावंच लागतं. आकडा ५ आणि मजकूर '५' एकमेकांशी कधीच जुळत नाहीत. कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात. मराठी मजकूर असेल तर आणखी एक भानगड: 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये एका कोडनेही लिहिता येतं आणि 'र' अधिक नुक्ता असं दोन कोडनेही. डोळ्यांना दोन्ही सारखी, पण बाइट वेगळ्या, त्यामुळे फिल्टर जुळत नाही. मजकूर साठवतानाच नॉर्मलाइझ करून ठेवला तर ही डोकेदुखी कायमची टळते.

टीटीएल (नोंदीला मुदत लावून ती आपोआप पुसण्याची सोय) वापरत असाल तर मुदत संपलेल्या नोंदीही स्कॅनमध्ये येतात. मुदत संपली की त्या क्षणी नोंद पुसली जात नाही. मागून सावकाश, कधी काही दिवसांनी जाते. म्हणून 'मुदत आत्ताच्या वेळेपुढे आहे' ही अट फिल्टरमध्ये आपणच घालायची.

एक पान केवढ्याला पडतं

हिशोब सोपा आहे आणि स्कॅन चालू करण्याआधी कागदावर करावा. एका रीड कपॅसिटी युनिटमध्ये (हे वाचन मोजण्याचं माप) ४ केबीपर्यंतचं एक स्ट्रॉंगली कन्सिस्टंट वाचन किंवा दोन इव्हेंच्युअली कन्सिस्टंट वाचनं (यांत किंमत क्षणभर जुनी असू शकते) होतात. स्कॅन मुळात दुसऱ्या प्रकारचा असतो. म्हणजे १ एमबीच्या भरलेल्या पानाला १२८ युनिट लागतात, आणि कन्सिस्टंट रीड चालू केलं तर २५६.

१० जीबीचं टेबल घ्या. १०,२४० पानं, गुणिले १२८, म्हणजे १३,१०,७२० युनिट. टेबलाला सेकंदाला ५०० युनिट दिले असतील आणि स्कॅनने ते सगळे खाल्ले, तर साधारण ४४ मिनिटं. पण मग ॲपसाठी काहीच उरत नाही. अर्धेच वापरले तर सुमारे ८७ मिनिटं. ही दोन वाक्यं मीटिंगमध्ये आधीच सांगून ठेवा, नंतर 'अजून झालं नाही का?' असं कोणी विचारत नाही. ऑन-डिमांड मोडमध्ये युनिट आधी ठरवून ठेवावी लागत नाहीत, पण वाचलेल्या प्रत्येक युनिटचं बिल येतंच.

नोंदीच्या आकारात फील्डची नावंही मोजली जातात, प्रत्येक नोंदीत नव्याने. आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं: 'मराठी' या शब्दात अक्षरं तीन दिसतात, पण काना आणि वेलांटी धरून चिन्हं पाच, म्हणून १५ बाइट. मराठी मजकुराची टेबलं अंदाजापेक्षा जाड निघतात ती यामुळे.

पान फार लहान करणंही महागात पडतं. आकार पानाच्या एकूण बेरजेवर ४ केबीच्या पटीत वर ओढला जातो. २०० बाइटच्या सुमारे ५२४० नोंदी एका पूर्ण पानात १२८ युनिटमध्ये वाचून होतात. त्याच नोंदी लिमिट १ ठेवून एकेक वाचल्या तर प्रत्येकीला किमान अर्धं युनिट, म्हणजे २६२० युनिट. वीसपट!

घाई करू नका

दोन मिनिटं चालवून पाहिलेला स्कॅन झकास पळतो, आणि रात्री पूर्ण टेबलवर सोडला की काही मिनिटांत थ्रॉटल व्हायला लागतो, म्हणजे मर्यादेपलीकडच्या विनंत्या नाकारल्या जातात. कारण बर्स्ट कपॅसिटी: न वापरलेले युनिट डायनॅमोडीबी ५ मिनिटांपर्यंत शिल्लक ठेवतो. तुमची चाचणी त्या शिलकीवर चालली होती. शिल्लक संपली की खरा वेग कळतो, आणि तोवर ॲपच्या विनंत्याही अडकायला लागलेल्या असतात.

उपाय: विनंतीत रिटर्न कन्झ्युम्ड कपॅसिटी 'टोटल' ठेवा. प्रत्येक पानाला किती युनिट लागले ते उत्तरात येतं. स्वतःसाठी सेकंदाला बजेट ठरवा, समजा २५०. पानाला १२८ लागले तर १२८ भागिले २५०, म्हणजे सुमारे अर्धा सेकंद. पान आणण्यातच ०.१ सेकंद गेला असेल तर उरलेला वेळ झोपा आणि मग पुढचं मागा. ही तीन ओळींची झोप मी आता प्रत्येक स्कॅनमध्ये घालतो, टेबल छोटं असलं तरी.

१२८ युनिटचा एकदम दणका छोट्या टेबलाला जड जात असेल तर लिमिटने पान लहान करा, पण वरचा वीसपटीचा हिशोब लक्षात ठेवून. काही शे नोंदींचं पान बहुतेक वेळा पुरतं. थ्रॉटल झालंच तर एसडीके थोडं थांबून स्वतः पुन्हा प्रयत्न करतो. त्यावर आणखी स्वतःचा रिट्राय लूप चढवायचा असेल तर प्रत्येक प्रयत्नाला थांबण्याची वेळ वाढवत न्या आणि तिच्यात थोडा रँडम भाग घाला. नाहीतर सगळे वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेस) एकाच क्षणी उठून पुन्हा एकाच दारावर धडकतात.

नोंदी कुठे ठेवायच्या

पहिलं आवरायचं ते सगळ्या नोंदी एका लिस्टमध्ये गोळा करण्याचा मोह. १ एमबीचं पान मेमरीत आलं की ऑब्जेक्ट बनताना बरंच फुगतं. हजार पानांनंतर प्रोसेस मरते आणि तोवरचं सगळं वाचन पाण्यात. पान आलं की ते हाताळा, फाइलमध्ये ओळीला एक जेसन अशा प्रकारे लिहा, आणि सोडून द्या.

दुसरं, चेकपॉइंट. प्रत्येक पानानंतर खूण कुठेतरी टिकाऊ जागी लिहून ठेवा, म्हणजे स्क्रिप्ट मधेच पडली तरी तिथून पुढे जाता येतं. क्रम मात्र महत्त्वाचा: आधी पानातल्या नोंदींचं काम पुरं करा, मगच खूण लिहा. उलटं केलंत आणि दोन्हींच्या मधे स्क्रिप्ट पडली, तर ते एक पान कायमचं गळतं आणि कोणाला कळतही नाही. बरोबर क्रमात वाईटात वाईट म्हणजे एक पान दोनदा हाताळलं जाईल. म्हणून काम असं ठेवा की दोनदा झालं तरी फरक पडू नये. 'शिलकीत १० मिळव' हे दोनदा झालं तर घोटाळा, 'स्टेटस बंद कर' दोनदा झालं तरी चालतं.

खूण ही दुसरंतिसरं काही नसून एका नोंदीची की असते. ती नोंद मधल्या काळात पुसली गेली तरी खूण चालते, कारण ती जागा दाखवते, नोंद नव्हे. इंडेक्स स्कॅन करत असाल तर खुणेत इंडेक्सची की आणि मूळ टेबलाची की दोन्ही असतात. दोन्ही जपा, एकच ठेवली तर पुढची विनंती नाकारली जाते.

लॅम्डामध्ये (ॲमेझॉनची सर्व्हर न सांभाळता कोड चालवण्याची सेवा) स्कॅन चालवत असाल तर १५ मिनिटांची भिंत आहे. उरलेला वेळ प्रत्येक पानानंतर तपासा, मिनिटभर राहिलं की खूण लिहून बाहेर पडा आणि पुढची खेप त्याच खुणेवरून सुरू करा.

आकड्यांचे आणि टाइपचे चटके

हा भाग रुक्ष आहे, पण पहिल्याच दिवशी अडखळायला लावतो. खालच्या पातळीच्या क्लायंटकडून प्रत्येक किंमत टाइपसकट येते: मजकुराला एस, आकड्याला एन, आणि आकडाही अवतरणात, मजकूर म्हणून. बोटो३ च्या टेबल रिसोर्सकडून ती पायथनच्या टाइपमध्ये बदलून येते, पण आकडे डेसिमल असतात. त्यामुळे जेसन बनवायला गेलात की एरर. घाईत सगळ्यांना फ्लोट करू नका. डायनॅमोडीबी ३८ अंकांपर्यंत अचूकता ठेवतो, फ्लोट ठेवत नाही. पूर्णांक असेल तर इंट, नाहीतर मजकूर, असा छोटा कन्व्हर्टर लिहा. सेट टाइपही जेसनमध्ये थेट जात नाही, त्याची लिस्ट करा. नोडचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक बिनचूक धरतो, तेव्हा लांबलचक आयडी मजकूर म्हणून साठवलेले बरे.

याच कारणाने खूण जपताना मला खालच्या पातळीचं रूप सोयीचं वाटतं. आकडाही मजकूरच असल्यामुळे ते जसंच्या तसं फाइलमध्ये लिहिता येतं. की बायनरी असेल तेवढीच वेगळी काळजी.

नुसती मोजणी

सिलेक्ट 'काउंट' ठेवलं की नोंदी येत नाहीत, आकडाच येतो. पण तोही पानाचाच आकडा, तेव्हा सगळ्या पानांची बेरीज करावी लागते, आणि खर्च पूर्ण वाचनाइतकाच. ढोबळ आकडा पुरत असेल तर डिस्क्राइब टेबल मधला आयटम काउंट फुकट मिळतो. तो साधारण दर ६ तासांनी ताजा होतो, त्यामुळे नुकताच डेटा भरलेल्या टेबलवर तो ० दिसला तर घाबरू नका.

समांतर स्कॅन

साधा स्कॅन पार्टिशनमागून पार्टिशन वाचत जातो, आणि एका पार्टिशनची वाचनाची कमाल सेकंदाला ३००० युनिट आहे. टेबलाला कितीही कपॅसिटी दिली तरी एकटा स्कॅन त्यापलीकडे फारसा जात नाही. तेव्हा टोटल सेगमेंट्स देऊन टेबलाचे भाग पाडायचे आणि प्रत्येक वर्करला एक सेगमेंट. मोजणी शून्यापासून: चार भाग असतील तर ०, १, २, ३. मी इथे एकदा १ ते ४ दिले होते. चौथा नाकारला गेला म्हणून तरी कळलं, नाहीतर शून्यावा भाग राहूनच गेला असता.

टेबल २० जीबीच्या पुढे असेल तरच या वाटेला जावं. भाग किती? दर २ जीबीला एक हा सुरुवातीचा चांगला अंदाज आहे: ३० जीबीला १५. प्रत्येक सेगमेंटची खूण वेगळी, तिचा चेकपॉइंट वेगळा, आणि ती खूण त्याच सेगमेंटला, तेवढेच टोटल सेगमेंट्स ठेवून परत द्यायची. अर्ध्यात ठरवलं की १५ चे २० करू, तर सुरुवातीपासून सुरू करा.

नोंद कोणत्या भागात जाईल हे पार्टिशन कीच्या हॅशवर ठरतं. म्हणजे एका पार्टिशन कीखालच्या सगळ्या नोंदी एकाच भागात. एका कीखाली टेबलाचा निम्मा डेटा असेल तर चौदा वर्कर निवांत बसतील आणि पंधरावा घाम गाळत राहील. आणि झोपेचं बजेट वर्करमागे नव्हे, सगळ्यांचं मिळून धरा.

स्कॅन करून बदल करताना

हा धडा मी सगळ्यात महाग शिकलो. एका टेबलात प्रत्येक नोंदीवर एक नवीन फील्ड भरायचं होतं. स्कॅन केला, प्रत्येक नोंदीला अपडेट आयटम मारला, दीड तासात काम फत्ते. दुसऱ्या दिवशी ॲप काही नोंदींवर कोसळायला लागलं. उघडून पाहिलं तर त्या नोंदींत फक्त दोन गोष्टी होत्या: की, आणि मी भरलेलं नवीन फील्ड. नाव नाही, तारीख नाही, काही नाही.

झालं असं होतं: स्कॅनने नोंद वाचली, मग माझा अपडेट पोचण्याआधी यूजरने ती डिलीट केली. अपडेट आयटमची रीत अशी की नोंद नसेल तर ती तो नवीन बनवतो. मी मेलेल्या नोंदींची भुतं उठवत होतो. तेव्हापासून स्कॅनमागून येणाऱ्या प्रत्येक अपडेटला मी कंडिशन एक्स्प्रेशन लावतो: 'पार्टिशन की अस्तित्वात असेल तरच'. अट फसली तर ती एरर नाही, 'नोंद गेली आहे, पुढे चला' असा निरोप आहे. लॉगमध्ये मोजायचा आणि सोडून द्यायचा. वाचलेल्या किमतीवरून नवी किंमत काढत असाल तर 'जुनी किंमत अजून तीच असेल तरच' हीसुद्धा अट घाला.

मुळात स्कॅन म्हणजे त्या क्षणाचा फोटो नव्हे. तो तास-दीड तास चालतो आणि तेवढ्या वेळात टेबल बदलत राहतं. स्कॅन सुरू झाल्यावर आलेली नोंद तुम्हाला दिसेलही, नाहीही. त्याच टेबलात नवीन कीच्या नोंदी लिहीत असाल तर तुमच्याच नव्या नोंदी पुढे तुमच्याच स्कॅनला भेटू शकतात. त्यांना ओळखण्यासाठी एखादं आवृत्तीचं फील्ड ठेवा आणि ते दिसलं की वगळा.

मोठ्या संख्येने डिलीट करताना बॅच राइट आयटम एका वेळी २५ नोंदी घेतो. तो यशस्वी म्हणून परतला तरी अनप्रोसेस्ड आयटम्समध्ये काही उरलेल्या असू शकतात, त्या पुन्हा पाठवाव्या लागतात. स्कॅनच्या खुणेसारखंच हे आहे: यश आलं, पण काम अर्धं. शिवाय बॅचमध्ये अट घालता येत नाही. अख्खं टेबलच रिकामं करायचं असेल तर टेबल पुसून नव्याने बनवणं बहुतेक वेळा स्वस्त आणि झटपट.

यूजरला पानं दाखवायची असतील

स्क्रीनवर २० नोंदी हव्यात आणि मधे फिल्टर आहे. एका स्कॅनमध्ये ७ येतील, पुढच्यात ०, त्यापुढच्यात ३१. म्हणून २० जमेपर्यंत आतल्या आत लूप चालवावा लागतो. आता खरी मेख: ७ आणि ३१ मिळून ३८ झाल्या, तुम्ही २० दाखवल्या. पुढच्या पानासाठी डेटाबेसने दिलेली खूण वापरलीत तर मधल्या १८ नोंदी कोणालाच दिसणार नाहीत. दाखवलेल्या विसाव्या नोंदीची की घ्या आणि तीच पुढची खूण म्हणून द्या. खूण म्हणजे एका नोंदीची की, हे मघाशी पाहिलंच. लूपला वरची मर्यादाही ठेवा, समजा दहा पानं. तेवढ्यात २० जमल्या नाहीत तर जमल्या तेवढ्या आणि 'आणखी शोधा' असं बटण.

खूण ब्राउझरकडे पाठवताना नुसती बेस६४ करून भागत नाही, ती कोणीही उलगडू शकतं. कीमध्ये ईमेल किंवा फोन नंबर असेल तर तो उघडा पडतो, आणि खूण बदलून दुसऱ्याच जागेवरून वाचायचा प्रयत्नही करता येतो. ती एन्क्रिप्ट करून, सही लावून पाठवा. 'पान ७ वर जा' अशी उडी स्कॅनमध्ये नाही, आणि नोंदी तारखेच्या किंवा नावाच्या क्रमाने येतील अशी अपेक्षाही ठेवू नका. डिझाइन करणाऱ्या मंडळींना हे पहिल्याच दिवशी सांगा.

स्कॅन न करताच वाचायचं

विश्लेषणासाठी सगळा डेटा हवा असेल तर एस३ मध्ये (ॲमेझॉनची फाइल साठवण्याची सेवा) एक्स्पोर्टचा पर्याय बघा. त्यासाठी टेबलावर पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी (मागच्या एखाद्या क्षणाचं टेबल परत मिळवण्याची सोय) चालू असावी लागते. एक्स्पोर्ट टेबलाची वाचनक्षमता अजिबात वापरत नाही, त्यामुळे ॲपला धक्का लागत नाही. आणि तो खरोखर एका क्षणाचा फोटो असतो, रिकव्हरीच्या खिडकीतल्या कोणत्याही क्षणाचा, जास्तीत जास्त ३५ दिवस मागचा. डेटा डायनॅमोडीबीच्या जेसनमध्ये किंवा आयन या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये मिळतो. पैसे जीबीवर लागतात आणि फाइल तयार व्हायला वेळ जातो, त्यामुळे 'आत्ता लगेच' हवं असेल तर उपयोग नाही. मी तो दीड तासांचा स्कॅन लिहीत होतो तेव्हा त्या टेबलावर रिकव्हरी चालूच होती. कोणत्या नोंदींना हात लावायचा ती यादी एक्स्पोर्टमधून काढून, अटीसकट अपडेट मारता आले असते. पुढच्या वेळी तसंच केलं, आणि अट फसलेल्या नोंदींची संख्या लॉगमध्ये आली: ४१. यादी काढल्यापासून अपडेट पोचेपर्यंत तेवढ्या नोंदी डिलीट झाल्या होत्या, आणि या खेपेला त्यांतली एकही परत उठली नाही.